कोणतं मीठ घ्यायचं

हार्डवेअरच्या दुकानात लेनोर शेवटच्या रांगेकडे वळली आणि जागीच थांबली. बर्फ वितळवायच्या मिठाच्या पोत्यांच्या थप्पीसमोर गॉर्डी उभा होता. चष्मा कपाळावर सरकवून, पोतं नाकाशी धरून, मागची बारीक अक्षरं वाचत होता.

तिचं घर आणि गॉर्डी व त्याची बायको बेव्ह यांचं घर शेजारी, आणि गाडी रस्त्यावर काढायची उतरती वाट दोन्ही घरांत मिळून एकच. गेल्या आठवड्यात त्याच वाटेवर ती त्याला नको नको ते बोलली होती. त्यानं पसरलेल्या मिठानं तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या, टगच्या, पंजांना भेगा पडल्या होत्या. पंजे चाटून चाटून तो रात्रभर ओकत होता. "तुला बर्फ उपसायचा कंटाळा, म्हणून माझ्या कुत्र्यानं मरायचं का?" असं ती म्हणाली होती. गॉर्डीनं टोपी कानांवर ओढली होती आणि तो आत गेला होता.

परत फिरावं असं तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात त्यानं तिला पाहिलं.

"बरं झालं आलीस. हे बघ, यावर कुत्र्याचं चित्र आहे. टगला चालेल ना हे?"

पोत्यावरचा कुत्रा जीभ काढून हसत होता. "चालेल की," ती म्हणाली.

"पण दुकानदार म्हणतो, हे साधारण थंडीपुरतं. आत्तासारखा कडाका पडला की बर्फावर नुसतं पडून राहतं. साधं मीठही थकतं म्हणे मग."

"मग वाळू टाक. मी तीच न्यायला आलेय. पाय घसरत नाही."

"तुझा नाही घसरणार. माझाही नाही." गॉर्डीनं पोतं परत थप्पीवर ठेवलं. "बेव्हला पावलंच कळत नाहीत गं. औषधांनी बधिर झालीत. पाय टेकला की नाही, कशावर टेकला, काही समजत नाही तिला. दोनदा पडली. तिला बर्फ पुरता गेलेला हवा. खरखरीत करून भागत नाही."

"कसली औषधं?"

"दर बुधवारी न्यावं लागतं. हॉस्पिटलात." रोगाचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही उरली नव्हती.

बुधवारी सकाळी त्यांची गाडी बाहेर पडते हे लेनोरनं खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. नवरा-बायको नाश्त्याला बाहेर जातात, अशी तिची समजूत होती. तिला थोडा हेवाही वाटायचा.

"मी एवढं तोंड सोडलं, तेव्हा तरी सांगायचंस."

"तिनं बजावलंय. लोक मग भांडी भरभरून जेवण घेऊन येतात म्हणते, आणि दारात तोंड पाडून उभे राहतात."

लेनोरनं पोत्यांच्या थप्पीवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "यातलं सगळ्यात जालीम कुठलं?"

त्यानं खालच्या फळीकडे बोट केलं. "कॅल्शियम क्लोराइड. कितीही गारठा असो, बर्फ खातंच. पण टगच्या पायांना ते मिठाहून वाईट. मागचं सगळं वाचलंय मी."

ती वाकली, ते पोतं ओढून काढलं आणि त्याच्या ढकलगाडीत टाकलं.

"आणि टग?"

"टगचं मी बघते."

बुधवारी वाट ओली, काळी, उघडी पडली होती. बेव्ह काठी टेकत पायऱ्या उतरून आली. गॉर्डीनं पुढे केलेला हात तिनं घेतला नव्हता; तो मागून हात अधांतरी धरून चालत होता. प्रत्येक पाऊल ती आधी डोळ्यांनी ठेवत होती, मग पायानं.

शेजारचं दार उघडलं. टग बाहेर आला. चारही पायांत लाल रबरी बूट. पहिलंच पाऊल टाकून तो थबकला. पंजा उचलला, हवेत धरला, खाली टेकला, पुन्हा उचलला. खाली काहीच लागत नसल्यासारखा तो कावराबावरा झाला होता. लेनोर पट्टा सैल धरून उभी राहिली. तोंड पाडायचं नाही असं तिनं घरातूनच ठरवलं होतं. ते सोपं नव्हतं.

बेव्ह थांबली. दोन्ही हात काठीवर ठेवून कुत्र्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. गॉर्डी घाईनं पुढे झाला, पण ती हसत होती.

"घाबरू नकोस रे," ती टगला म्हणाली. "नाही कळली तरी जमीन असते खाली. टाक पाय."