एर्निंगचा चेहरा

"हा तो नाही," एर्निंगची बायको नेनिता दारातूनच म्हणाली. पुन्हा.

रोवेनाने मेणाची सुरी ताटलीत आपटली. ट्रकखाली सापडलेल्या एर्निंगच्या चेहऱ्यातून तिने सकाळपासून माणूस उभा केला होता. नाक मेणाचं, ओठ मेणाचे, भुवया एकेक केस रोवून केलेल्या. एकटीने केलेलं तिचं हे पहिलंच काम. समोर नेनितानेच दिलेला फोन उभा होता. त्यात बोटीच्या कठड्याला टेकलेला, बास्केटबॉलच्या जर्सीतला एर्निंग हसत होता. नाक जरासं एका बाजूला कललेलं, ओठाचं एक टोक वर. सगळं तसंच्या तसं उतरलं होतं.

"काय चुकलंय ते तरी सांगा!"

"सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का? भाऊ वाटतो त्याचा. आणि त्याला भाऊ नव्हता."

कोपऱ्यात सेफा, ज्यांना सगळे मानांग म्हणजे ताई म्हणत, मयताच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होत्या. मयत सजवण्याचं हे काम रोवेना त्यांच्याच हाताखाली शिकत होती.

"त्याची आई बोटीत बसलीय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ती येईपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर शवपेटीचं झाकण बंद. आईला परका चेहरा दाखवायचा नाही."

"झाकण नको, मानांग!" नेनिता कळवळली. "तोंड दाखवीन म्हणून शब्द दिलाय मी त्यांना."

"मग जवळ येऊन नीट बघा ना!" रोवेनाचा आवाज चढला. "दारातून काय दिसणार, कपाळ?"

"कशी येऊ? डोळे थांबतायत का माझे? टिपूस पडलं त्याच्यावर तर तो वाटेत अडकेल."

हे मात्र खरं होतं. मयतावर आसू पडू द्यायचा नाही, हे रोवेनालाही तिच्या आजीने शिकवलेलं. तिने वैतागून हातआरसा उचलला आणि एर्निंगच्या तोंडावर तिरका धरला. "घ्या. तिथूनच बघा."

नेनिताने आरशात पाहिलं. तिचा हात छातीवरच्या क्रुसाकडे गेला.

"हाच! अगं, हाच माझा एर्निंग!"

रोवेना चक्रावली. मेण तेच, नाक तेच. तिने आरशात डोकावलं, मग खाली पाहिलं, मग फोन उचलला. सकाळपासून तिने फोटोत गळ्याखाली पाहिलंच नव्हतं. जर्सीवरची अक्षरं उलटी होती.

"हा फोटो कोणी काढला?"

"त्यानेच. स्वतःचा स्वतः. का गं?"

इस्त्री थांबली. मानांग सेफांनी फोन हातात घेतला, जर्सी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आरशासारखा उलटा आलाय मेला! या कामात माझी इस्त्री झिजली, पण मलाही दिसलं नाही."

 नेनिताने रुमाल डोळ्यांवर घट्ट दाबला आणि पहिल्यांदाच दार सोडून पुढे आली.

"म्हणजे दाढी करताना तो रोज बघायचा, तो चेहरा केलास तू," ती म्हणाली. "तो त्याचा त्याला राहू दे, इंदाय, पोरी. मला माझा दे. शेजारच्या उशीवरून दिसायचा, तो."