दहावी रायफल

किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सागरी तुकडीला उस्ताद गोळीबार शिकवायचा. फैरी संपल्या की सगळे जवान वाळूत पालथे पडून राहत, आणि उस्ताद एकेकापाशी वाकून रायफलीत करंगळी घालून बघे. आत गोळी उरलेली नसली की जवान ओरडे, "मोकळी, उस्ताद!"

चार महिन्यांपूर्वी रांगेत शेवटचा, दहावा, त्याच्या बहिणीचा मुलगा होता. उस्ताद वाकायच्या आतच तो हसून म्हणाला, "मोकळी आहे, मामा." घरचंच पोर. मैदानावर मामा म्हणतो म्हणून उस्तादाने त्याच्या हेल्मेटवर लटक्या रागाने टपली मारली आणि पाठ फिरवली. तासाभराने रायफल पुसताना आत उरलेली गोळी सुटली आणि पोर जागच्या जागी गेलं.

बहिणीने एकदाच विचारलं होतं, "दादा, तू बघितलं होतंस ना रे?"

तो "हो" म्हणाला होता.

आता रांगेत नऊच जण असत. पण नववा ओरडून झाला की पलीकडच्या रिकाम्या वाळूतून हलकेच आवाज येई, "मोकळी आहे, मामा." बाकी कुणाचीही मान वळत नसे. उस्ताद रोज तिथून काढता पाय घेई.

आज त्याचा पाय निघेना. नवव्याला ओलांडून तो पुढे गेला आणि रिकाम्या वाळूत गुडघे टेकून बसला.

"थांब बाळा," तो पुटपुटला, "बघू दे एकदा."

त्याने हवेत करंगळी पुढे केली. ती गार लोखंडात शिरली, आणि आतल्या गोळीला टेकली.