लग्नाची कॅसेट

व्हीसीआर शहापूरहून भाड्याने आणला होता. शेणव्याच्या त्या घरात भरदुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि माधुरी टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली होती. आपण नवरीच्या वेषात कशा दिसतो याचं तिला काही नव्हतं. तिला आई बघायची होती.

मे महिन्यात माधुरीचं लग्न झालं आणि श्रावणात तिची आई बाईजा काविळीने गेली. तिचा मागे राहिलेला फोटो एकच, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. त्यात डोळेही धड कळत नव्हते.

पडद्यावर देवजी आला, माधुरीचा बाप. मांडवाच्या दारात गुलाबी फेट्यात देवजी, वऱ्हाडाला हात जोडताना देवजी, पंगतीतून आग्रह करत फिरताना देवजी. माधुरीला हळद लागत होती, तिथूनही कॅमेरा सरकून त्याच्यावर गेला होता.

"मी सांगूनच ठेवलेला शूटिंगवाल्याला," खाटेवरून देवजी म्हणाला. "कोन येल, कोन जाईल, तू मला सोडू नको. असा फेटा कुनाला शोभलाय गो गंगे, आख्ख्या गावात?"

"शोभतो रे," त्याची बहीण गंगी म्हणाली, आणि तिने भाचीकडे बघितलं.

"बाबा, आय कुठं हाय?"

"आसंल ना गो. येल मागनं."

तास गेला. कन्यादानात पाणी सोडणारा आईचा हात तेवढा दिसला. बाकी पडदाभर देवजीचा चेहरा.

मग पाठवणीच्या वेळी देवजी पाहुण्यांबरोबर उभा होता, तेव्हा डावीकडून बाईजा आली. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, हातात ओटीचं ताट. कॅमेरा दिसला तशी ती थबकली आणि लाजून हसली. माधुरीचा हात आपोआप काचेकडे गेला.

तेवढ्यात पडद्यावरच्या देवजीने बाईजाला कोपराने सारलं. "बाजूला हो गो, मधी कुठं येतेस!" ती तशीच हसत बाजूला झाली. देवजीने फेटा सारखा केला. "हां, घे आता."

गंगीने पदर तोंडाला लावला. माधुरीने वळून बापाकडे बघितलं. तो पुढे वाकून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होता.

"फेटा जरा डावीकडं झुकला, नाय?" तो म्हणाला.

माधुरीने बटण दाबलं. आई उलट्या पावलांनी परत आत आली. माधुरीने कॅसेट सुरू केली. आई हसली, बाजूला झाली. माधुरीने पुन्हा मागे घेतलं. पुन्हा.

चौथ्या वेळी देवजीला गहिवरून आलं.

"बघ गंगे," तो म्हणाला, "पोरीची बापावर किती माया हाय."