दुसरी हाक

"मावशी, पाच मिनिटं रेडिओ बंद कराल का?" निषादनं खोलीच्या दारातून तिसऱ्यांदा विचारलं.

मारुंजी गावाची लाइट गेली होती आणि निषाद खुशीत होता. लोडशेडिंगची वाट बघणारा असा भाडेकरू साळूबाईंनी पहिल्यांदाच पाहिला असेल. गिरणी थांबली, बोअरच्या मोटारी थांबल्या, शेजारच्या बांधकामावरची खडखडही बंद पडली. स्वतः बनवलेले स्पीकर या खोलीत कसे वाजतात, ते त्याला मोजायचं होतं. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला नवं साउंडकार्ड, कार्डाला माइक, स्पीकरला वेगळी बॅटरी, सगळं जोडून तयार होतं. पण आवाज मोजायच्या आधी खोलीची शांतता मोजावी लागते. पडद्यावरची आवाज दाखवणारी हिरवी पट्टी खाली जाता जाता मध्येच अडून बसली होती.

अडवलं होतं ओसरीवरच्या रेडिओनं. सेलवर चालणारा तो रेडिओ कांद्याचे भाव सांगत होता. निषाद राहायला आल्यापासून तो कधी गप्प झाला नव्हता.

"तिन्हीसांज हाय," साळूबाई म्हणाल्या. "ह्या वक्ताला न्हाई बंद करत मी."

"फक्त पाच मिनिटं. माइकला सगळं ऐकू येतं हो."

"सगळं म्हंजी?"

"आपल्याला ऐकू येत नाही, तेसुद्धा." जरा ऐटीतच म्हणाला तो.

साळूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग रेडिओ उचलून खोलीत आल्या, माइकसमोर खाली बसल्या आणि त्यांनी बटण फिरवलं.

पट्टी झरकन तळाला गेली. घर इतकं गप्प असू शकतं, हे निषादला माहीतच नव्हतं. मागच्या खिडकीतून विहीर दिसत होती. आता तिच्यावर लोखंडी जाळी होती.

"शेखर मोटार बंद कराया गेला व्हता," साळूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "अशीच येळ. हिरीकडनं 'आये' म्हून हाक आली. एकच. तिन्हीसांजेच्या एका हाकेला ओ देत न्हाईत. ती मानसाची नसती. दुसरी आली की मग द्यायची." त्यांनी रेडिओवरची धूळ पदरानं पुसली. "मी चुलीम्होरं बसून दुसरीची वाट बघितली."

भिंतीवरचा हार घातलेला फोटो निषाद रोज बघायचा. मुलगा विहिरीत गेला, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. काय बोलावं ते सुचलं नाही की तो आपला यंत्राकडं वळायचा.

"मावशी, आवाजाची लेव्हल लावायचीय. माइकमध्ये काहीतरी बोला," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली.

साळूबाई पुढं सरकल्या. आजारी माणसाच्या कानाशी वाकावं तशा माइकवर वाकल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. मग छातीतला सगळा जोर काढून ओरडल्या, "ओ रं शेखर! ओ!"

पट्टी वर चढली, लाल झाली. मग हळूहळू उतरत पुन्हा तळाला गेली. निषादनं रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढं केला, तसं साळूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. आता गप ऱ्हा. दुसरी मारू दे त्याला."

त्यांनी डोळे मिटले होते. निषाद हलला नाही. बाहेर अंधार दाटत होता, खिडकीतली विहीर दिसेनाशी झाली होती. पट्टी तळाशी जरा थरथरली, की त्यालाच तसं वाटलं. खरं तर तोही आता कान देऊन बसला होता.

एकदम दिवा लागला. पंखा फिरला, गिरणी घरघरली आणि रोजच्यासारखी गल्लीतली पोरं एका सुरात ओरडली, "आली! आली!"

साळूबाईंनी डोळे उघडले. निषादचं मनगट अजून त्यांच्या मुठीतच होतं.

"आली?" त्यांनी विचारलं.

लाइट आली, एवढंच सांगायचं होतं. निषादच्या तोंडून ते निघेना.