झेरॉक्स चालत नाही

डिल्सियाचा नंबर पुकारला गेला तेव्हा तिचे केस एलिसेओच्या मुठीत होते.

‘सत्तेचाळीस, खिडकी तीन,’ भिंतीवरचं यंत्र म्हणालं. ते तीनदा पुकारतं. तेवढ्यात माणूस खिडकीशी पोचलं नाही तर नंबर गेला, आणि पुन्हा यायचं ते महिन्याभराने. गाडीच्या लायसन्सच्या त्या ऑफिसात येणाऱ्या सगळ्यांना हे पाठ असतं.

मागच्या महिन्यात ती आली होती ती ग्रीन कार्डाची झेरॉक्स घेऊन, वाचनालयात गुपचूप काढलेली. खिडकीमागच्या वर्नाने ती एका नखाने परत सरकवली. या देशात कायदेशीर राहता याचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे अस्सल कार्ड, झेरॉक्स चालत नाही. अस्सल कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. लग्न होऊन एल साल्वादोरहून ती कॅन्ससला आली त्या दिवसापासून ते तिथेच होतं. आज सकाळी तो अंघोळीला गेला आणि तिने ते काढून घेतलं.

मांसाच्या कारखान्याच्या फाटकावर पास दाखवायला एलिसेओने पाकीट उघडलं, तर कार्डाचा कप्पा रिकामा. घरी येऊन त्याने उशा फाडल्या. एका अभ्र्यात वर्नाने दिलेली कागदांची यादी निघाली, वर ऑफिसचा पत्ता. या वेंधळीने ती जपून ठेवली होती.

‘कार्ड टाक,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही. घरीही चढवायचा नाही.

तिने कार्ड तोंडात घातलं आणि दात आवळले.

मग त्याने तिला केसांनी ओढून खुर्चीवरून खाली घेतलं आणि जबड्यावर ठोसा मारला. मग दुसरा. रोज जनावरांची हाडं सुटी करणारा हात तो, कुठे मारलं की काय उघडतं हे त्याला बरोबर ठाऊक. तिसऱ्या ठोशाला तिच्या डोळ्याखालचं कातडं फाटलं. दात उघडले नाहीत.

ऑफिसात बावीस माणसं होती. बावीसही जणांना हातातले फॉर्म एकदम वाचावेसे वाटले. मेले कुठले.

‘सत्तेचाळीस, खिडकी तीन.’

ती गुडघ्यांवर खिडकीकडे सरकू लागली. तो मागून बरगडीत लाथा घालत होता. प्रत्येक लाथेला ती थोडी आडवी व्हायची आणि पुन्हा सरकायची. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी नोकरी धरून ठेवली होती, राहायला खोलीसकट. अट एकच, लायसन्स हवं. गाडी चालवायला तिला मैत्रिणीने, ओफेलियाने शिकवलं होतं, चर्चमागच्या पटांगणात, रविवारी एलिसेओ मॅच बघत बसला की. परीक्षाही पास झाली होती. आता मधे होती ती फक्त ही खिडकी.

ती खिडकीशी पोचतेय तोच त्याने तिचं डोकं धरलं आणि खिडकीखालच्या फळीच्या कडेवर आपटलं.

तेव्हा दाराशी बसणारा म्हातारा पहारेकरी उठला. आत येणाऱ्यांना टोप्या काढायला सांगायच्या, एवढंच त्याचं काम. त्याने बसायची खुर्ची उचलली आणि एलिसेओच्या गुडघ्यांमागे हाणली. एलिसेओ कोसळला, आणि मग मात्र तिघे-चौघे एकदम शूर झाले आणि त्याच्या पाठीवर जाऊन बसले.

‘बायको आहे माझी,’ फरशीला गाल चिकटलेला असतानाही तो ओरडत होता. ‘मी आणलंय तिला इथे. माझ्याशिवाय आहे कोण ती?’

‘सत्तेचाळीस, खिडकी तीन,’ यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

डिल्सिया फळी धरून उभी राहिली. तोंडातून कार्ड काढून तिने वर्नापुढे ठेवलं. त्याच्याबरोबर एक दातही आला.

वर्नाने तोवर पोलिसांना फोन केला होता, ॲम्ब्युलन्सलाही. तिने कार्ड रुमालाने पुसलं. आता कार्डावरचा चेहरा समोरच्या चेहऱ्याशी जुळतो का हे बघायचं होतं, तसा नियमच आहे. वर्ना बराच वेळ बघत राहिली. वीस वर्षांत तिला कुणाचा चेहरा जुळवायला इतका वेळ लागला नव्हता. डोळ्यांचा रंग तिने विचारला नाही. उघडा होता त्या डोळ्यावरून लिहून घेतला, तपकिरी. कार्डाचा नंबर यंत्रात घातला. वास्तव्य कायदेशीर आहे असं पडद्यावर लगेच उमटलं.

राहिला फोटो.

‘फोटो नंतर काढू, पोरी,’ वर्ना म्हणाली. ‘आधी दवाखान्यात जा. सूज उतरली की सरळ माझ्याकडे ये, नंबर लावायचा नाही. हा फोटो आठ वर्षं राहतो गं.’

बाहेर पोलिसांच्या गाडीचा भोंगा जवळ येत होता. एलिसेओने तो ऐकला असावा. त्याचं ओरडणं थांबलं आणि तो रडायला लागला, अगदी मनापासून.

‘डिल्सी,’ तो म्हणाला. ‘राणी माझी. चुकलं माझं. घरी चल, तुला सूप करून देतो.’

डिल्सिया ऐकत राहिली. तिचा एक हात फळीवरून सुटला आणि तिने मान त्याच्याकडे वळवली. मग तिने फळी पुन्हा घट्ट धरली.

‘आत्ताच काढा,’ ती वर्नाला म्हणाली. ‘तो असा बोलायला लागला ना, की मी सगळं विसरते.’

आणि कॅमेऱ्यासमोरच्या पिवळ्या रेघेवर उभं राहून तिने सुजलेल्या डोळ्यावरचे केस कानामागे सारले.