उशीरमास्तर

अर्जावर विषयक्षेत्राचा रकाना तेवढा कोरा होता, आणि कार्यालयाची खिडकी पाचला बंद होणार होती.

"कालवे घे," सर म्हणाले. "सोपं आहे, नोकरीही लागते. धरण-सुरक्षेच्या नादी कशाला लागतेस?"

"मला तेच घ्यायचंय."

पीएचडीच्या पात्रता परीक्षेचा नियम साधा होता. धरण-सुरक्षा घेणाऱ्यानं एक जुनी दुर्घटना निवडायची, तिची मूळ फाइल वाचायची आणि तोंडी परीक्षेत समितीसमोर त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडायचा. समितीवर विभागप्रमुख म्हणून सर असणारच होते. तिला नेमकं तेच हवं होतं.

सर वर्गावर दहा मिनिटं आधी येत, तरी पोरं त्यांना उशीरमास्तर म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ते धरणाच्या नियंत्रण कक्षात इंजिनिअर होते. दरवाजे उघडायचा हुकूम तासभर उशिरा दिला, असं त्यांनीच चौकशीत लिहून दिलं होतं. मातीचा बांध फुटला, खालच्या वस्तीतली एकतीस माणसं गेली. दरवाज्यांवरचा माणूस एकटाच झुंजत होता, तोही वाहून गेला. धरणाच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे.

तो तिचा बाप.

बापाची तिच्याकडे एकच आठवण होती. ती चार वर्षांची, तापानं फणफणलेली. कारखान्याचा अडीचचा भोंगा वाजत होता, आणि पावसात भिजलेला एक गार तळवा तिच्या कपाळावर होता. "ड्यूटीवर जाता जाता डोकावले होते," आई सांगायची. बस, एवढंच. पण आता स्वतःची लेक तापली की ती हात आधी नळाखाली धरायची.

काल आईनंही मोडता घातला होता. "कालवे घे गं बाई. गेलेल्या माणसांना कशाला उठवतेस?"

"गेलेल्यांना नाही, आई. जो खुर्चीत आरामात बसलाय ना, त्याला उठवायचंय."

आईनं उशीची खोळ झटकली. घडी घातली. पुन्हा उलगडून झटकली.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "आई बऱ्या आहेत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तेही खरंच." त्यांनी अर्जावर हिरव्या शाईत सही केली. अख्ख्या विभागात हिरवी शाई त्यांचीच. "जबाबांपर्यंत वाचलंस तरी पुरे. पुढे नुसती रद्दी आहे."

"मी सगळंच वाचते, सर."

अर्ज तिच्याकडे सरकवताना सरांचा हात जरा रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी लेकीला शेजारी सोपवून ती दफ्तरखान्यात बसली. कारकुनानं दोरी सोडून फाइल पुढ्यात आदळली. "थुंकी लावून पानं उलटू नका, बाई. आधीच्या विद्वानांनी निम्मी फाइल चाटून खाल्लीय."

सरांचा जबाब दोन ओळींचा होता. "दरवाजे उघडण्याचा हुकूम मी तीन वाजता दिला. उशीर माझा." तिनं तो तारखेसकट उतरवून घेतला.

मग रद्दी. रजेचे अर्ज, पावसाचे आकडे, कंदिलांची मागणीपत्रं. शेवटच्या पुठ्ठ्याला दमटपणानं चिकटलेला एक कागद तिनं नखानं हळूहळू सोडवला. नियंत्रण कक्षातून केलेल्या फोनची नोंद होती, त्याच दिवसाची. शाई हिरवी.

दोन वाजता. दरवाजे उघडायला सांगण्यासाठी फोन. उचलला नाही.

दोन पंधरा. उचलला नाही.

दोन तीस. उचलला नाही.

दोन पंचेचाळीस. उचलला नाही.

तीन. उचलला. धापा टाकतोय. म्हणाला, "साहेब, पोरीला ताप होता, घरी पळालो होतो. आता उघडतो."