नाखव्याच्या डोक्यावरचा सूर्य

खैरुद्दीन सुतारानं नवा ठसा टेबलावर ठेवला तो असा, जसं काही पोरीचं लग्नच उरकून आला.

"लो मॅडम, फर्स्ट क्लास! कोना टूटा था, वो भी सीधा किया. फ्री!"

हारादाबाई जपानी. लाकडी ठशांवरून चित्रं छापायच्या. त्यांचा लाल रंगाचा ठसा शारजाच्या एसीत तडकला, आणि पाच वाजता शाळेत पोरांसमोर छापून दाखवायचं होतं. लाल नाही तर चित्रात सूर्य नाही. खैरुद्दीन म्हणालेला, वीस वर्षं दारं कोरतोय, एक गोल कोरायला काय लागतं?

बाईंनी ठसा फिरवून बघितला. मग काळ्या रेघा छापलेला एक कागद घेतला. खाडी, होडी, होडीत नाखवा. ठशाला लाल लावला, कागद ठेवला, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीनं घासला आणि उचलला.

सूर्य बरोबर नाखव्याच्या डोक्यावर!

खैरुद्दीनची पोरगी नौशीन टाळ्या पिटत ओरडली, "अब्बा, ही इज वेअरिंग द सन!"

"चूप गं!"

बाईंनी तडकलेला ठसा पुढं सरकवला. त्याच्या कोपऱ्यात नखाएवढी खाच होती. फुटलेली नव्हती, मुद्दाम कोरलेली. रंग तितके ठसे, पण कागदाचा कोपरा दरवेळी त्या खाचेतच बसवायचा. तरच रंग जागेवर पडतो.

"जपानमें एक आदमी चित्र बनाता, एक काटता, एक छापता," बाई म्हणाल्या. "तीनों इस कोने में मिलते."

"और मैंने उसीपे रंधा मारा!" खैरुद्दीननं कपाळ बडवलं. बाईंना हसू आवरेना.

"टाइम कितना?" त्यानं विचारलं.

"दो घंटा."

"यल्ला, चलो!"

खैरुद्दीन उकिडवा बसला. सूर्य आभाळात येईल असा कागद ठशावर लावला, कोपरा आला तिथं खूण केली. सागाची ढलपी चिकटवली, तिला खाच मारली. श्वास धरून.

पाच वाजता सूर्य होडीच्या वर उगवला. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. बाई कमरेत वाकल्या. खैरुद्दीन गडबडून त्यांच्यापेक्षा जास्त वाकला, तर कानावरची पेन्सिल खाली पडली.

आता त्याच्या दुकानात, २००१ च्या कॅलेंडरखाली, दोन फ्रेमा आहेत. गिऱ्हाईक चांगल्या चित्राकडे वळलं की खैरुद्दीन त्याला दंडाला धरून चुकलेल्यापुढं आणतो, नाखव्याचा लाल फेटा दाखवतो.

"हा सूर्य माझ्या एकट्याचा," म्हणतो. "तो बाईंचा नि माझा."